बंदीच्या दोन महिन्यांत कागद लावून घ्या

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारल्या, जाळी दुरुस्तीला काढली, सुकट-बोंबलाची बेगमीही झाली. मागे राहतं ते एकच काम, कागदांचं. जुलै संपताना डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याच्या दारात जावं लागतं ते त्यामुळेच.

उचल घेतली की हंगामभर म्हावरं त्यालाच घालायचं, भाव तो सांगेल तो. वर शेकडा तीन रुपये महिना व्याज धरलं तर लाखाला वर्षाचे ३६ हजार. याउलट किसान क्रेडिट कार्डावर ७ टक्के, आणि मुदतीत फेडलं तर ४ टक्केच, म्हणजे लाखाला ४ हजार. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी यासाठीच हे कर्ज आहे. २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. तेव्हा ‘कार्ड शेतकऱ्यांचं आहे’ असं कोणी म्हटलं तरी अर्ज मागे घेऊ नका. नकार लेखी मागा. पण हे पैसे लग्नात किंवा नव्या इंजिनात घालू नका. मुदतीत भरणा झाला नाही की व्याजाची सवलत गेली.

अर्ज अडतो कुठे? आमच्या मच्छीमार सोसायटीत दर पावसाळ्यात तेच बघतो. एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली. आधार होतं, पासबुक होतं, मासेमारी परवाना होता. होडी मात्र सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा रोज तीच होडी घेऊन समुद्रात जातो, पण कागदावर तो होडीवाला नाही. कर्ज अडलं, डिझेलवरच्या कराचा परतावाही अडला. घरात असं असेल तर आजच मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती घेऊन मत्स्य परवाना अधिकाऱ्यांकडे जा. भावाभावांत बोलणं व्हायचं असेल तर तेही आत्ताच, सगळे घरी आहेत तोवर करा. आधार, पासबुक आणि नौकेच्या नोंदणीवर नाव अक्षरन् अक्षर एकच आहे ना, तेही पडताळा. राष्ट्रीय मत्स्य डिजिटल पोर्टलवर नोंदणी राहिली असेल तर जवळच्या सेवा केंद्रात करून घ्या.

विम्याला टाळाटाळ नको. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्याचा हप्ता सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख. विम्याच्या यादीत तांडेलाबरोबर (होडीच्या प्रमुखाबरोबर) प्रत्येक खलाशाचं नाव आहे का, ते सोसायटीत जाऊन स्वतः वाचा. दुर्घटना घडली तर आधी पोलिसांत नोंद करा; ती नसली की दावा लटकतो.

शहरात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे होडी नसते. त्यांनी नगरपालिकेतून फेरीवाला प्रमाणपत्र घेऊन स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेचा, अर्ज करावा.

आता पोरांचं. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि नेमका तेव्हाच बाप घरी असतो. याचा फायदा घ्या. कोळी समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात येतो, पण दाखला नसेल तर शिष्यवृत्तीही नाही. दहावीच्या पोराचा जातीचा दाखला याच पावसाळ्यात काढा. अकरावी-बारावीतल्या पोरांनी जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत लगेच भरावा, कारण निकालानंतर धावपळ केली की प्रवेशाची तारीख निघून जाते. पोरीला मत्स्यशास्त्र शिकायचं असेल तर रत्नागिरीत शिरगावला दापोली कृषी विद्यापीठाचं कॉलेज १९८१ पासून आहे. शाळा सुटलेल्या, समुद्राची ओढ असलेल्या पोराला मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवा. तिथे सहा महिन्यांत नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. पहिल्या फेरीला माणूस कमी पडतो म्हणून पोराला ऑगस्टमध्ये वर्गातून उठवून होडीवर नेऊ नका. गेलेला पोर नारळी पौर्णिमेनंतर वर्गात परतताना मी क्वचितच पाहिला आहे.

कार्ड मंजूर झालं की सगळी रक्कम एकदम उचलू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या फेरीच्या डिझेल-बर्फापुरतीच काढा. व्याज काढलेल्या पैशावरच लागतं.