नव्या नाटकाचं अभिवाचन गावातल्या गावात कसं करावं

मराठवाड्यात नाटक लिहिणाऱ्यांची वानवा नाही. परभणी, नांदेड, लातूर, जालना, कुठंही चौकशी करा. हौशी संस्था सापडते आणि तिच्यात एखादा तरी लिहिणारा असतोच. पण त्याला स्वतःचं नाटक पहिल्यांदा कानांनी ऐकायला मिळतं ते थेट तालमीत. तोवर पाठांतर सुरू झालेलं असतं, नेपथ्याचं लाकूड आलेलं असतं. दुसरा अंक रेंगाळतो हे सगळ्यांना कळतं, पण बदलायला कुणाची तयारी नसते. अभिवाचन म्हणजे नाटक बसवायच्या आधी भूमिका वाटून ते चार लोकांसमोर मोठ्यानं वाचणं. ते करायचं ते यासाठी. ते लेखकाला ऐकता यावं म्हणून असतं, हे पक्कं धरलं की पुढचे निर्णय सोपे जातात.

आधी तारीख

राज्याच्या हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायची असते. मंजुरीला गेलेल्या संहितेत मोठी उलथापालथ करायला लेखक धजत नाही. म्हणून मागं मोजत या आणि जुलैचा शेवट किंवा ऑगस्टची सुरुवात धरा. पेरण्या उरकलेल्या असतात, गणपतीची गडबड सुरू व्हायची असते आणि लेखकाच्या हाती पुन्हा लिहायला महिना-दीड महिना राहतो.

संहिता आणि वाचक

शेवटपर्यंत लिहून झालेलं नाटकच घ्या. ‘शेवट सुचतोय’ असं लेखक म्हणाला तर पुढची तारीख द्या. लेखकाकडून वाचनाच्या परवानगीची दोन ओळींची चिठ्ठी घ्या. प्रतींवर क्रमांक घाला आणि वाचन संपलं की त्या मोजून परत घ्या. नव्या संहितेची झेरॉक्स गावभर फिरणं लेखकाला परवडत नाही.

भूमिका वाटताना चेहरा, उंची विसरा, आवाज बघा. दोन बायकांचे आवाज एकसारखे असतील तर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. एकाच वाचकाकडं दोन छोट्या भूमिका चालतील, पण ती दोन पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत ना, हे आधी तपासा. लेखकाला वाचायला बसवू नका. तो वाचायला लागला की लिहिताना मनात होतं तेही आवाजातून भरून काढतो, आणि कागदावरची उणीव झाकली जाते.

रंगसूचना वाचणारा माणूस सगळ्यात विचार करून निवडा. तो सपाट, स्पष्ट वाचणारा हवा. त्याच्यासोबत बसून निम्म्या सूचना खोडा. ‘डाव्या कोपऱ्यात जुनं कपाट’ ऐकून कुणाचं काही अडत नाही. ‘ती चिठ्ठी फाडते’ मात्र वाचलंच पाहिजे, नाहीतर पुढचा संवाद अधांतरी राहतो.

दोन तालमी, जास्त नको

पहिल्या तालमीत घड्याळ लावून सलग वाचा. दुसरीत अडखळलेल्या जागा घ्या. तिसरी केलीत की वाचक अभिनय करायला लागतात, आणि चांगला नट कच्चा संवादही तारून नेतो. मग लेखकाला खरं कळत नाही.

तालमीत खरा वेळ द्यायचा तो बोलीला. आमच्या एका वाचनात आईच्या तोंडी वाक्य होतं, ‘पाऊस पडायलाय, लेकरं कुठं हायत?’ वाचणारी मुलगी शिकलेली, हुशार. तिनं सहज वाचलं, ‘पाऊस पडतोय, लेकरं कुठं आहेत?’ अर्थ तोच, पण ती आई खोलीतून निघूनच गेली. मुलीला स्वतःला ते कळलंही नव्हतं; शाळेनं लावलेलं वळण जिभेवर बसलेलं असतं. उपाय साधा आहे. अशा ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि त्या तालुक्यातल्या माणसाकडून एकदा मोठ्यानं म्हणवून घ्या. देगलूरची मराठी तेलुगू-कन्नडच्या शेजारानं वळते, उदगीर-निलंग्याकडं कन्नड कानावर असते, संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी मिसळते. ‘मराठवाडी बोली’ असं एक गाठोडं बांधून सगळ्यांना सारखा हेल देऊ नका.

जागा

नाट्यगृह नकोच. वाचनालयाचं सभागृह, शाळेचा मोठा वर्ग, तीस-चाळीस माणसं बसतील एवढं पुरे. माईक न लावता शेवटच्या ओळीत ऐकू येतंय का, ते स्वतः मागं बसून बघा. पत्र्याचं छप्पर टाळा. पावसाची एक सर आली की अख्खा प्रवेश बुडतो. वीज जाणार हे धरून प्रत्येक वाचकाजवळ चार्जिंगचा दिवा ठेवा. संहिता कागदावरच हवी, मोबाईलवर नको, आणि पानं बांधलेली हवीत. आम्ही एकदा गच्चीवर सुटी पानं घेऊन बसलो होतो. वारा सुटला, तेव्हा नायकाचा कबुलीजबाब शेजारच्या अंगणात गेला आणि जमलेला प्रसंग तिथंच तुटला.

खाली बसून वाचायचं असेल तर मंदिरातून पारायणाच्या ठवण्या, म्हणजे पोथी ठेवायचे छोटे स्टँड, मागून आणा. पान हातात धरलं की मान खाली जाते आणि आवाज छातीत अडकतो.

वाचनानंतर

चहा आधी द्या, चर्चा नंतर. सूत्रधार असा नेमा जो ज्येष्ठांनाही नम्रपणे थांबवू शकेल. एका वाचनानंतर एक जाणकार अर्धा तास बोलले आणि नाटक कसं लिहायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं. लेखकानं ती वही वर्षभर उघडली नाही. तेव्हापासून आम्ही तीनच प्रश्न विचारतो: काय लक्षात राहिलं, कुठं लक्ष उडालं, काय कळलं नाही. उपाय सुचवायचे नाहीत. लेखकानं उत्तरं द्यायची नाहीत, फक्त लिहून घ्यायचं. न बोलणाऱ्यांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. मागच्या रांगेतल्या बाया पुष्कळदा नेमकं तिथंच लिहितात.

वाचन चालू असताना एकानं प्रेक्षकांकडं तोंड करून बसावं आणि माणसं कुठं चुळबुळली, कुठं हसली त्या पानांचे आकडे टिपावेत. व्हिडिओ काढू नका. आवाजाचं रेकॉर्डिंग करा, ते फक्त लेखकाला द्या आणि त्याच वेळी पुढची तारीख ठरवा. पाच-सहा आठवड्यांनी बदललेले प्रवेश तेवढेच, त्याच वाचकांना आणि त्याच ऐकणाऱ्यांना बोलावून पुन्हा वाचायचे.