घरपट्टी कशी ठरते आणि कुठे जाते: गावचा हिशेब असा तपासा

ग्रामपंचायतीकडे दोन वाटांनी पैसा येतो. एक वरून, म्हणजे वित्त आयोगाचा आणि निरनिराळ्या योजनांचा. तो कशावर खर्चायचा हे बरेचसे वरच ठरलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा 2021-22 पासून पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. दुसरा पैसा गावाने स्वतः उभा केलेला: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. हा स्वनिधी. वरच्या निधीपुढे तो बहुतेक गावांत लहान दिसतो, पण त्याचे काय करायचे हे गाव ठरवते. इतका महत्त्वाचा पैसा आणि त्याची पावती आपण न वाचताच डब्यात टाकतो, याचे मला फार वाईट वाटते. तेव्हा हा हिशेब घरच्या घरी कसा तपासायचा ते पाहू. पुढचे सगळे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींबद्दल आहे. नगरपालिका आणि महानगरपालिकांचे नियम वेगळे आहेत.

आधी नमुना 8 चा उतारा काढा

पावतीवर फक्त रक्कम असते. ती कशी आली हे नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत असते. हा उतारा देणे ही सेवा हमी कायद्याखालची सेवा आहे. ठरलेली फी भरून ग्रामपंचायतीत अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम आहे, पण गावात अजून सगळे ‘भाऊसाहेब’च म्हणतात. भाऊसाहेब मिटिंगला गेले असतील तर संगणक परिचालकाकडे अर्ज देऊन पोच घेता येते.

उताऱ्यावर मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, क्षेत्रफळ, वापर, दर, घसारा (घर जुने झाले की मूल्यात होणारी घट), भांडवली मूल्य आणि शेवटी कर असे रकाने असतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नमुना 8 वर नाव लागले म्हणजे जागेची मालकी सिद्ध झाली असे नाही. ती करासाठीची नोंद आहे. त्या भरवशावर व्यवहार करून लोक अडकतात.

मग टेप घेऊन घर मोजा

हे काम कंटाळवाणे वाटते, पण चुका इथेच सापडतात. बाहेरून लांबी-रुंदी फुटांत मोजा, गुणाकार करा आणि 10.764 ने भागा. चौरस मीटर मिळतील. उताऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. पाडलेला गोठा अजून नोंदीत आहे का? पत्र्याच्या पडवीला स्लॅबचा दर लागला आहे का? बांधकामाचे वर्ष बरोबर आहे का? वर्ष चुकले की घसारा चुकतो, आणि घसाऱ्याने करात किती फरक पडतो ते पुढच्या गणितात दिसेल.

आता गणित

31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने कर व फी नियमांत बदल झाला आणि आकारणी भांडवली मूल्यावर आली. सूत्र असे: क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा वजा जाता उरलेला हिस्सा, या बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे वापरानुसार ठरलेल्या गुणकाने, गुणायचे. जमिनीचे आणि बांधकामाचे दर रेडी रेकनरमधून, म्हणजे शासनाच्या दरांच्या तक्त्यातून येतात. भांडवली मूल्यातल्या दर हजार रुपयांमागे किती कर घ्यायचा याची खालची आणि वरची मर्यादा शासनाने बांधून दिली आहे. त्या दोन मर्यादांच्या मध्ये नेमका दर ठरवते ती ग्रामपंचायत, मासिक सभेत ठराव करून. म्हणजे दर मुंबईत ठरतो हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे आपण निवडून दिलेल्या सदस्यांच्या हातात असते.

उदाहरणादाखल समजा, घर 60 चौरस मीटर, जमिनीचा दर 500 रुपये, बांधकामाचा दर 18,000 रुपये, घर जुने असल्याने घसारा धरून 80 टक्के मूल्य, राहण्यासाठी वापर म्हणून भारांक 1, आणि कराचा दर हजारी 1 रुपया 20 पैसे.

जमीन: 60 × 500 = 30,000.
बांधकाम: 60 × 18,000 × 0.80 = 8,64,000.
भांडवली मूल्य: 8,94,000.
कर: 894 × 1.20 = 1,072 रुपये 80 पैसे.

याच घराला घसारा लावायचा राहिला तर मूल्य 11,10,000 होते आणि कर 1,332 रुपये. फरक 259 रुपयांचा, आणि तो दरवर्षी. आकारणी चार वर्षांनी सुधारायची असते, म्हणजे एका रकान्यातली चूक हजार रुपयांच्या पुढे जाते. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

भारांकाकडे खास लक्ष द्या. राहत्या घराला 1, औद्योगिक वापराला 1.20, व्यापारी वापराला 1.25. घराच्या पुढच्या खोलीत दुकान असेल तर व्यापारी भारांक त्या खोलीपुरता लागायला हवा, सगळ्या घराला नव्हे. आणि याची दुसरी बाजू त्याहून मोठी आहे. हायवेवरचा ढाबा, मंगल कार्यालय, गोदाम, मोबाईल टॉवर यांची नोंद आहे का आणि ती कोणत्या वापराखाली आहे, हे विचारा. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले आहे. मंगल कार्यालय ‘राहते घर’ म्हणून नोंदलेले असेल, तर त्याचा न भरलेला कर शेवटी गल्लीतल्या दिव्यांतून आणि गटारांतून वजा होतो. माझ्या मते गावाने सगळ्यात आधी ही यादी तपासावी.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना 2020 च्या राज्य योजनेत मालमत्ता करातून सूट आहे. घरात कोणी असेल तर अर्ज केला आहे का, ते पाहा.

चूक सापडली तर

नव्या आकारणीची यादी लागते तेव्हा हरकतींसाठी मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, सोबत मोजमाप आणि घराचा फोटो जोडा. निर्णय पटला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तोंडी सांगून ‘बघतो’ या उत्तरावर घरी येऊ नका.

पैसा कुठे जातो

खर्चाच्या बाबतीत आपण फार मोघम बोलतो. ‘पंचायत काय करते?’ असे विचारले की उत्तरही तसेच मोघम मिळते. नेमके विचारायचे असेल तर तीन कागद मागा: नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 5 म्हणजे रोकड वही, आणि नमुना 9 म्हणजे मागणी नोंदवही, ज्यात कोणाकडून किती कर येणे आहे ते असते. त्यांची अधिकृत प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळते.

पहिल्यांदा मागणी आणि वसुली पाहा. वर्षाची मागणी किती, मागची थकबाकी किती, प्रत्यक्ष जमा किती. नंतर दिवाबत्ती कराची जमा आणि पथदिव्यांचे वीजबिल शेजारी शेजारी मांडा. तसेच पाणीपट्टीची जमा एका बाजूला. मोटरचे बिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार दुसऱ्या बाजूला. पाणीपुरवठ्याचे खाते वेगळे असते, तेव्हा ग्रामनिधीच्या, म्हणजे पंचायतीच्या मुख्य खात्याच्या, वहीत ते शोधत बसू नका. हे दोन ताळे जमले की गावचा निम्मा कारभार समजतो. पाणीपट्टी तुटीत का आहे, नळजोड जास्त आणि नोंद कमी आहे का, हे प्रश्न मग आपोआप सुचतात.

स्वनिधीतला काही वाटा कायम राखीव असतो: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. दिव्यांगांचा 5 टक्के वाटा नीट पाहा. गावात दिव्यांग कोण आहेत, त्यांच्यापर्यंत गेल्या वर्षी काय पोचले, हे नावनिशीवार विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. कागदावर रक्कम ‘खर्ची’ दिसते आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याला पत्ताच नसतो, ही गोष्ट सहन करण्यासारखी नाही.

वित्त आयोगाच्या निधीतली कामे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून दिसतात. तिथे दाखवलेला रस्ता प्रत्यक्ष पायी चालून पाहा.

ग्रामसभेत बोलताना

कोरमसाठी, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल ती लागते. प्रश्न एकच आणि आकड्यासकट विचारा: ‘दिवाबत्तीचे एवढे जमा, बिल एवढे, उरलेले कुठे?’ उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि सही करण्याआधी ते वाचा. कोऱ्या पानावर हजेरीची सही करू नका.

हरकत चालू असली तरी चालू वर्षाचा कर भरून पावती घ्या. मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, असे कलम 14 सांगते. उद्या निवडणुकीला उभे राहायचे असेल तर थकबाकी नसल्याचा दाखला हाताशी हवा. सभेत उभे राहून थकबाकीदारांची यादी मागायची असेल, तर त्या यादीत आपले नाव नसावे.