बदलत्या गेममध्ये पात्रांची टिअर लिस्ट कशी तयार करावी

संघ बांधून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये कोणतेही पात्र एकट्याने लढत नाही, आणि दर काही आठवड्यांनी येणारा अपडेट कालचे हिशेब आज जुने करून टाकतो. तरीही टिअर लिस्ट, म्हणजे पात्रांना ताकदीनुसार श्रेण्यांत मांडणारी यादी, लागतेच. नव्याने खेळू लागलेल्या माणसाकडे साधने मोजकी असतात, ती कोणत्या पात्रावर खर्च करावीत हे त्याला कोणीतरी नीट सांगावे लागते, आणि चुकीच्या यादीवर विसंबून खर्च केलेली साधने सहसा परत मिळत नाहीत. म्हणून अशी यादी करणाऱ्याने ती जबाबदारीने करावी, असे मला मनापासून वाटते. उदाहरणांसाठी मी मुख्यतः गेनशिन इम्पॅक्ट हा गेम घेतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या या गेमचा संघ चार पात्रांचा असतो आणि नवा अपडेट साधारण सहा आठवड्यांनी येतो. मात्र येथे सांगितलेली रीत याच जातीच्या इतर गेमनाही लागू पडते.

पात्राची ताकद जोखण्यासाठी मी एकच प्रश्न मध्यवर्ती मानतो: हे पात्र संघातून काढले आणि त्याच्या जागी उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पर्याय घातला, तर संघाचे किती नुकसान होते? बाकीची सारी मोजमापे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी करायची असतात.

आधी अटी लिहून काढा

मोजायला बसण्यापूर्वी यादी कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते कागदावर उतरवावे. पात्रांची आणि शस्त्रांची पातळी, कौशल्यांची पातळी, आर्टिफॅक्टचा (पात्राला बळ देणाऱ्या, अंगावर घालायच्या वस्तूंचा) दर्जा, कॉन्स्टेलेशनची (त्याच पात्राच्या जादा प्रतींनी खुलणाऱ्या बळांची) संख्या आणि गेमची आवृत्ती या पाच गोष्टी तरी ठरलेल्या असाव्यात. गेनशिनच्या खेळाडूंमध्ये पंचतारांकित, म्हणजे अधिक दुर्मीळ, पात्र कॉन्स्टेलेशनशिवाय आणि चार ताऱ्यांचे पात्र सहाही कॉन्स्टेलेशनसह धरण्याचा प्रघात आहे. चार ताऱ्यांची पात्रे बॅनरवर (पात्रे मिळवण्याच्या सोडतीत) वारंवार येत राहतात, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या बाबतीत हा प्रघात योग्य ठरतो. मात्र नवख्याच्या हाती ही पात्रे एखाद्याच प्रतीत असतात, तेव्हा ज्या पात्राची मदार एखाद्या विशिष्ट कॉन्स्टेलेशनवर आहे, त्याच्यापुढे तशी स्पष्ट नोंद हवी.

पुढची अट म्हणजे परीक्षेचे मैदान. मोकळ्या जगातल्या किरकोळ शत्रूंवर सगळेच बलवान वाटतात, म्हणून बहुतेक जण स्पायरल अबिस या मजल्यामजल्यांच्या कठीण आव्हानाचा बारावा मजला प्रमाण धरतात. तेथे प्रत्येक दालनाचे दोन भाग असतात, दोन्हींसाठी वेगळे संघ लागतात आणि पूर्ण तारे मिळवायचे तर दोन्ही भाग मिळून तीन मिनिटांच्या आत संपवावे लागतात. या रचनेतून एक गोष्ट आपोआप निघते: एकाच वेळी आठ पात्रे कामाला लागतात, त्यामुळे जे पात्र आपल्या संघाला बळ देताना दुसऱ्या संघाचा आधार काढून घेत नाही, त्याची किंमत वाढते. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या इमॅजिनेरियम थिएटर या दुसऱ्या आव्हानात मात्र ठरावीक मूलतत्त्वांचीच (अग्नी, पाणी यांसारख्या शक्तींचीच) पात्रे चालतात आणि ती मोठ्या संख्येने लागतात. तेथे एरवी मागे पडलेली पात्रेही उपयोगी ठरतात. होंकाई: स्टार रेल या अशाच दुसऱ्या गेममध्ये हा भेद आणखी ठळक आहे. तेथल्या मेमरी ऑफ केऑस या आव्हानात मोजके दणकट शत्रू येतात आणि प्युअर फिक्शनमध्ये शत्रूंची रीघ लागते, त्यामुळे हिमेकोसारखे पात्र एका ठिकाणी मागे आणि दुसऱ्या ठिकाणी बरेच पुढे दिसते. ज्या गेममध्ये मैदाने इतकी भिन्न आहेत, तेथे प्रत्येक मैदानाची श्रेणी स्वतंत्र द्यावी. सरासरी काढून एकच अक्षर दिले, तर ते कोणत्याच मैदानाला लागू पडत नाही.

काढून पाहण्याची कसोटी

आता गेनशिनमधल्या बेनेट या पात्राचे उदाहरण घेऊ. त्याच्या बर्स्टने (ऊर्जा भरल्यावर वापरायच्या मोठ्या कौशल्याने) जमिनीवर जे वर्तुळ उमटते, त्यात उभ्या असलेल्या पात्राला बेनेटच्या मूळ अटॅकच्या (घावाच्या ताकदीच्या) प्रमाणात वाढीव अटॅक मिळतो. मूळ अटॅक म्हणजे पात्राचा आणि शस्त्राचा मिळून होणारा अटॅक, आर्टिफॅक्टचा त्यात वाटा नसतो. कौशल्याच्या दहाव्या पातळीला हे प्रमाण १००.८ टक्के आहे, म्हणजे मूळ अटॅक ८०० असलेला बेनेट सहकाऱ्याला सुमारे ८०६ अटॅक देतो. आर्टिफॅक्ट कितीही सामान्य असले तरी हा आकडा घटत नाही, आणि कमी खर्चात पूर्ण फळ देणारे पात्र म्हणून त्याचे जे नाव आहे ते याच कारणाने.

पण तेवढ्यावर त्याला वरच्या श्रेणीत बसवून मोकळे होणे बरोबर नाही. त्याला शिआंगलिंगच्या संघातून काढून पाहा. शिआंगलिंगचे फिरते अग्निचक्र सोडताना तिचा जो अटॅक असेल तोच शेवटपर्यंत कायम राहतो, म्हणून बेनेटच्या वर्तुळात उभे राहून चक्र सोडले की पात्र बदलल्यावरही त्या वाढीव अटॅकचा लाभ मिळत राहतो. शिवाय त्या चक्राला ८० ऊर्जा लागते आणि बेनेट तिच्याच मूलतत्त्वाचे ऊर्जाकण भराभर पुरवतो. तो गेला की वाढीव अटॅक, ऊर्जा आणि उपचार या तिन्ही गोष्टी एकदम जातात, आणि कोणताही एक पर्याय ही तिहेरी पोकळी भरून काढू शकत नाही. आता त्यालाच नुविलेटच्या संघात ठेवून पाहा. नुविलेटचे डॅमेज (शत्रूला होणारी इजा) त्याच्या कमाल एचपीवर (आरोग्याच्या आकड्यावर) ठरते, त्यामुळे वाढीव अटॅक त्याच्या काहीच कामाचा नाही. पात्र तेच, पण दोन संघांतली किंमत पूर्णपणे वेगळी. म्हणून सपोर्ट (सहकाऱ्यांना बळ देणाऱ्या) पात्राला श्रेणी देताना ते कोणकोणत्या उत्तम संघांत बसते, आणि तेथून काढल्यावर प्रत्येक ठिकाणी किती फरक पडतो, हे सगळे पाहावे लागते.

काझुहा आणि सुक्रोज या दोन सपोर्ट पात्रांची तुलना याहून नाजूक आहे. काझुहामुळे डॅमेज भरपूर वाढते हे खरे, पण त्या वाढीचा मोठा हिस्सा त्याच्या अंगावरच्या व्हिरिडेसंट व्हेनेरर या चार आर्टिफॅक्टच्या सेटमधून येतो. हा सेट शत्रूचा संबंधित मूलतत्त्वाचा रेझिस्टन्स (डॅमेज कमी करणारा प्रतिकार) ४० टक्क्यांनी उतरवतो. १० टक्के रेझिस्टन्स असलेल्या शत्रूला एरवी ९० टक्के डॅमेज लागते. सेटमुळे रेझिस्टन्स उणे ३० होतो, शून्याखालचा भाग निम्माच धरला जातो, आणि डॅमेज ११५ टक्क्यांवर जाते, म्हणजे सुमारे २८ टक्के वाढ. रेझिस्टन्स ७० टक्के असेल तर ३० टक्के डॅमेज एकदम ७० टक्क्यांवर पोचते, आणि ही वाढ दुपटीहून अधिक भरते. मात्र हाच सेट चार ताऱ्यांची सुक्रोजही घालू शकते. काझुहाच्या जागी सुक्रोज आणली तरी ही २८ टक्क्यांची वाढ जागेवरच राहते, त्यामुळे तिचे श्रेय काझुहाच्या खात्यावर लिहिता येत नाही.

मग काझुहाचे स्वतःचे काय उरते? त्याच्या एलिमेंटल मास्टरीच्या (मूलतत्त्वांच्या प्रतिक्रिया बळकट करणाऱ्या आकड्याच्या) प्रत्येक अंकामागे सहकाऱ्यांना ०.०४ टक्के डॅमेज बोनस मिळतो. ९०० मास्टरीला तो ३६ टक्के होतो. ज्या सहकाऱ्याच्या गॉब्लेटमधून (आर्टिफॅक्टच्या एका प्रकारातून) आधीच ४६.६ टक्के बोनस येतो, त्याच्यासाठी ही बेरीज १४६.६ वरून १८२.६ वर जाते, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २५ टक्क्यांची भर पडते. तितक्याच मास्टरीची सुक्रोज आपल्या मास्टरीचा पाचवा भाग, म्हणजे १८० अंक, सहकाऱ्यांना देते आणि जुळत्या मूलतत्त्वाच्या पात्रांना वर आणखी ५० मिळतात. व्हेपोराइझ किंवा मेल्ट या, दोन मूलतत्त्वे एकत्र आल्यावर डॅमेज वाढवणाऱ्या प्रतिक्रियांवर चालणाऱ्या संघात या मास्टरीचे चीज होते आणि दोघांतले अंतर बरेच कमी होते. जेथे प्रतिक्रिया डॅमेज वाढवत नाही, तेथे काझुहा स्पष्टपणे पुढे निघतो. त्याशिवाय शत्रूंना एकत्र खेचण्यात तो अधिक भरवशाचा आहे. तो सुक्रोजच्या वर आहे, पण वरवर वाटते तितका वर नाही, हे अशा वजाबाकीनंतरच खात्रीने म्हणता येते.

आकडे कसे घ्यावेत

एका घावाचा मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण श्रेणीसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. संपूर्ण रोटेशनचे (संघातल्या सगळ्यांची कौशल्ये क्रमाने वापरण्याच्या एका चक्राचे) एकूण डॅमेज काढून त्याला रोटेशनच्या सेकंदांनी भागावे. समजा एक संघ २० सेकंदांत ९ लाख डॅमेज करतो, म्हणजे सेकंदाला ४५ हजार. एक पात्र बदलल्यावर एकूण डॅमेज ८ लाख ४० हजार झाले, तर घट फक्त सात टक्क्यांची दिसते. पण ऊर्जा भरायला वेळ लागल्याने रोटेशन २४ सेकंदांचे झाले असेल, तर सेकंदाचे डॅमेज ३५ हजारांवर येते आणि घट २२ टक्क्यांची निघते. ऊर्जा पुरवणाऱ्या पात्रांची किंमत पुष्कळ याद्यांमध्ये कमी लावली जाते, याचे कारण हेच असावे असे मला वाटते. क्रिटिकलच्या, म्हणजे मधूनच लागणाऱ्या जादा जोराच्या घावाच्या, बाबतीत नशिबाने लागलेला आकडा न घेता सरासरी घ्यावी. क्रिट रेट (असा घाव लागण्याची शक्यता) ७० टक्के आणि क्रिट डॅमेज (त्यातली जादा भर) १४० टक्के असेल, तर दोहोंचा गुणाकार ०.९८ येतो, त्यात १ मिळवून १.९८ हा गुणक धरावा.

कागदावरचा हिशेब पुरेसा नसतो, तो खेळून पडताळावा लागतो. शत्रू जागा बदलतात, घाव चुकवावे लागतात, वर्तुळातून बाहेर पडावे लागते. एखाद्या पात्राचे डॅमेज अचूक बोटांवर अवलंबून असेल, तर श्रेणी खाली न ओढता त्यापुढे अवघडपणाची खूण करावी, कारण सरावाने ती अडचण दूर होऊ शकते.

वापराच्या आकडेवारीवर अनेकांचा विश्वास असतो. ती पाहावी, पण जपून. सर्वांना फुकट मिळणारे पात्र वापरात वर दिसणारच, आणि नुकतेच आलेले पात्र लोक हौसेने वापरतात. ज्यांच्याकडे ते पात्र आहे त्यांच्यापैकी किती जण ते वापरतात, हे प्रमाण त्यातल्या त्यात विश्वासार्ह. पण बलवान पात्र विकत घेणारा खेळाडू बहुधा अनुभवीही असतो, ही गोष्ट तेथेही ध्यानात ठेवावी.

श्रेण्या पाडताना प्रत्येकीत इतकीच पात्रे असा कोटा ठेवू नये. आकड्यांमध्ये जेथे ठळक दरी दिसते तेथेच रेघ ओढावी. मुख्य डॅमेज करणारे, मागून डॅमेज देणारे, सपोर्ट आणि हीलर (उपचार करणारे) असे रकाने वेगळे ठेवावेत, कारण हीलरला डॅमेजच्या मापाने मोजण्यात काही अर्थ नाही. एकाच श्रेणीतल्या पात्रांची आपसांत क्रमवारी लावण्याचा हट्टही नसावा, कारण आर्टिफॅक्टच्या साध्या फरकानेही ती उलटू शकते.

अपडेट आल्यावर

पात्राची श्रेणी दोन वेगळ्या वाटांनी बदलते. एक वाट म्हणजे खुद्द पात्रातच बदल होणे. झोंगलीचे असे झाले: खेळाडूंच्या तीव्र नाराजीनंतर २०२१ च्या फेब्रुवारीतील १.३ आवृत्तीत त्याला बळकट करण्यात आले आणि त्याच्या ढालीजवळच्या शत्रूंचा रेझिस्टन्स कमी होऊ लागला. असा बदल अपडेटच्या नोंदींमध्येच छापलेला असतो, त्यामुळे तो सहसा नजरेतून सुटत नाही.

दुसरी वाट अशी, की पात्राचा एकही आकडा हलत नाही आणि भोवतालचा गेम मात्र बदलतो. गेनशिनमध्ये बहुतेक चढउतार याच वाटेने आले. कोकोमी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा तिच्या उणे १०० टक्के क्रिट रेटकडे पाहून पुष्कळांनी तिला तळाला टाकले. पुढे फ्रीझ (शत्रूला गोठवणाऱ्या) संघांत तिची सोय लोकांना पटली, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेंड्रो (वनस्पतींचे) मूलतत्त्व आल्यावर पाण्याचा सततचा पुरवठा आणि उपचार एकाच पात्रात मिळणे फार मोलाचे ठरले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुरिना आली. तिचा बोनस संघाच्या एचपीतील चढउतारांवर वाढतो, म्हणून सगळ्या संघाला एकदम बरे करणाऱ्या जीनसारख्या अगदी पहिल्या दिवसापासूनच्या पात्राला नव्याने मागणी आली. जीनच्या कौशल्यात मात्र काहीच बदललेले नव्हते.

त्यामुळे नव्या पात्राला जागा देऊन काम संपत नाही. प्रत्येक अपडेटनंतर चार गोष्टी तपासाव्यात: नवी प्रतिक्रिया किंवा यंत्रणा आली का, नव्या आर्टिफॅक्ट सेटचा लाभ कोणत्या जुन्या पात्रांना होतो, अबिसमधल्या शत्रूंचे रेझिस्टन्स आणि ढाली कोणाच्या सोयीच्या आहेत, आणि नवे पात्र कोणाची जागा घेते किंवा कोणाला सोबत देते. यांपैकी शत्रूंच्या बदलावरून श्रेणी लगेच हलवू नये, कारण ते शत्रू पुढच्या फेरीत जातात. तोच कल सलग दोन-तीन फेऱ्या टिकला, तर बदल करावा. उरलेल्या तिन्ही गोष्टी कायमच्या असतात. त्यांचा परिणाम ज्या पात्रांवर होतो तेवढ्यांचीच काढून पाहण्याची कसोटी पुन्हा घ्यावी, सारी यादी नव्याने मोजण्याची गरज नसते.

नव्या पात्राला पहिल्या अपडेटपुरती तात्पुरती श्रेणी द्यावी आणि ती तात्पुरती आहे असे स्पष्ट छापावे, कारण त्याचे उत्तम संघ सापडायला वेळ लागतो आणि कधी कधी त्याचा खरा जोडीदार पुढच्या आवृत्तीतच येतो. यादीच्या माथ्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहावा, आणि हलवलेल्या प्रत्येक पात्रापुढे ते कोणत्या श्रेणीतून कोणत्या श्रेणीत गेले आणि कशामुळे गेले, हे एका ओळीत नोंदवावे. जुन्या याद्या पुसून न टाकता तशाच ठेवाव्यात. श्रेणी ज्या कारणाने घसरली होती ते कारणच पुढच्या एखाद्या आवृत्तीत नाहीसे झाले, तर कोणते पात्र पुन्हा तपासायचे हे त्या नोंदींवरून लगेच सापडते.