बंद पडलेला ग्रास कटर घरी पुन्हा कसा सुरू करावा

कोकणात पाऊस सरता सरता काजू-आंब्याच्या बागेत बेणणी निघते, आणि नेमका तेव्हाच जुना टू-स्ट्रोक ग्रास कटर दोरी ओढून ओढून दमवतो. मग तो भंगारात जातो. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. टाकीत राहिलेल्या शिळ्या पेट्रोलने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, चोंदलेला असतो.

तरी पैसे घालण्याआधी पिस्टन बघाच. सायलेन्सरचे बोल्ट काढले की भोकातून तो दिसतो. दोरी हळू ओढा. पिस्टन गुळगुळीत असेल तर कामाला लागा. त्यावर उभे खोल ओरखडे असतील, तर यंत्र बहुधा ऑइलशिवाय चाललं आहे. ते फक्त सुट्या भागांसाठी ठेवा.

आता अंगणात टाकी रिकामी करून पेट्रोल लांब ठेवा. स्पार्क प्लग काढून तारेच्या ब्रशने घासा, कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि दोरी ओढा. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरा, आतली वाफ पेटू शकते. ठिणगी नाही? कॉइलकडून (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बंद करायच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा त्या वायरचा. कॉइल उगाच बदलू नका.

खरं काम कार्बोरेटरचं. उघडताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा, कारण पातळ पडदे आणि गॅस्केट कोणत्या क्रमाने होते ते नंतर आठवत नाही. पडदा बोटाला मऊ लागला पाहिजे. कडक झाला असेल तर रिपेअर किट आणा. बारीक भोकांत कार्बोरेटर क्लीनर मारून हवा द्या. तार कधीही घालू नका, भोक मोठं झालं की पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. टाकीतल्या नळ्या आणि फिल्टरही बदला: हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

ताज्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे घाला. २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली.

पातं बदलायचं असेल तर आधी प्लगची कॅप काढा. पात्याचा नट सहसा उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गार्ड आणि गॉगल नसताना मात्र गवताला पातं लावू नका. जांभा दगडाचा उडालेला तुकडा डोळा घेऊन जातो.