डॉसमधला जुना हिशेब नव्या कॉम्प्युटरवर उघडताना या चुका टाळा

रत्नागिरी-चिपळूणच्या घाऊक दुकानांत, आंबा-काजूच्या पेढ्यांवर आणि छोट्या पतसंस्थांत डॉसवर (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली) फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम अजून कुठेकुठे जपून ठेवलेले असतात. लिहून देणारा मुलगा केव्हाच मुंबईला गेलेला. मग भागीदारीचा वाद निघतो, किंवा कुणाला १९९७ ची उधारी बघायची असते, आणि जुनं फोल्डर नव्या लॅपटॉपवर येतं. डबल क्लिक केलं की विंडोज सरळ नकार देते. ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे असे १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच मिळते. तेव्हा कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये 'विंडोज ९५' निवडत बसण्यात अर्थ नाही. डॉसबॉक्ससारखा एम्युलेटरच, म्हणजे नव्या मशीनवर जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅमच, लागतो.

अख्खी सी ड्राइव्ह देऊन टाकणं

डॉसबॉक्सला माउंट कमांडने एक फोल्डर दाखवावं लागतं, तेच त्याची सी ड्राइव्ह होतं. घाईत लोक विंडोजची पूर्ण सी ड्राइव्हच माउंट करतात. डॉसबॉक्स तसं करू नका म्हणून इशारा देतो, तो वाचायचा असतो. आतल्या प्रोग्रॅमने फाइल पुसली की ती खरोखरच पुसली जाते, रिसायकल बिनमध्ये जात नाही.

याच्या उलट चूक जास्त वेळ खाते. प्रोग्रॅम पूर्वी सी ड्राइव्हवर 'एसीसी' नावाच्या फोल्डरमध्ये होता आणि आपण ते एसीसी फोल्डरच सी म्हणून माउंट केलं, तर मेनू येतो, पण "पार्ट्याच दिसत नाहीत हो" अशी तक्रार येते. प्रोग्रॅममध्ये जुना पत्ता पक्का लिहिलेला असतो आणि तो तिथेच डेटा शोधतो. म्हणून 'जुनेडॉस' असं एक रिकामं फोल्डर करा, त्यात एसीसी ठेवा आणि जुनेडॉस माउंट करा. फोल्डरचं नाव आठ अक्षरांहून मोठं नको, मध्ये स्पेस नको, नाहीतर आत त्याचं शेपूट तुटून '~१' लागतं. डॉसबॉक्स चालू असताना विंडोजमधून एखादी फाइल आत टाकली आणि ती दिसत नसेल, तर कंट्रोल आणि एफ४ दाबा.

सुरू होताच 'डिव्हाइड बाय झिरो'

फाइल खराब झाली असं वाटतं, पण बहुतेक वेळा दोष वेगाचा असतो. टर्बो पास्कलमधले प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजतात, मशीन फार वेगवान असेल तर तो हिशेब कोलमडतो आणि 'रनटाइम एरर २००' येतो. डॉसमधल्या फॉक्सप्रोचंही असंच. कंट्रोल-एफ११ ने सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग, कमी करा. प्रोग्रॅम रखडत असेल तर कंट्रोल-एफ१२ ने वाढवा. माउस आत अडकला तर कंट्रोल-एफ१०.

फुलीवर क्लिक करून बंद करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नोंदी ज्या डीबीएफ फाइलमध्ये साठवलेल्या असतात तिच्या सुरुवातीला एकूण नोंदी किती, हा आकडा लिहिलेला असतो आणि तो साधारण फाइल नीट बंद होताना बदलतो. खिडकीच्या फुलीवर क्लिक केलं, किंवा आपल्याकडच्या पावसाळ्यात जाते तशी वीज गेली, तर नवी नोंद फाइलमध्ये असते पण मोजणीत नसते. नोंदी शोधायला लागणारी सूची, म्हणजे इंडेक्सही बिघडते. मग यादीत एक नाव दिसतं आणि उघडलं की दुसऱ्याचं खातं. प्रोग्रॅमच्याच मेनूतून बाहेर पडा, मग 'एक्झिट' लिहा. इंडेक्स बिघडलीच असेल तर आधी फोल्डरची कॉपी, नंतर मेनूतलं री-इंडेक्स. दोन कॉम्प्युटरवरून एकच डेटा उघडणं साध्या डॉसबॉक्सवर तर नकोच. तो मुळात गेमसाठी बनवलेला आहे, नोंदींना कुलूप लावण्याची नेटवर्कवाली व्यवस्था त्याच्याकडून अपेक्षित धरू नका.

माझं मत विचाराल तर यात नव्या नोंदी करूच नयेत. क्लिपरमध्ये कुणी वेगळं सांगून ठेवलं नसेल तर वर्ष '२६' टाकलं की ते १९२६ धरतं आणि व्याजाचं गणित शंभर वर्षं मागे जातं.

प्रिंटर आणि मराठी नावं

साध्या डॉसबॉक्समधून प्रिंट निघत नाही, सेटिंग शोधत बसू नका. डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात पॅरलल पोर्टचं (प्रिंटर जोडायची जुनी जागा) आउटपुट फाइलमध्ये किंवा विंडोजच्या प्रिंटरवर पाठवता येतं. पॅरलल पोर्टला लावायचा डोंगल (परवान्याची किल्ली असलेला छोटा तुकडा) मागणारा प्रोग्रॅम असेल तर तो पोर्टच लॅपटॉपवर नाही, तिथे एम्युलेटरचं फारसं चालत नाही.

नावांच्या जागी चौकटीच्या रेषा आणि टिंबं डोक्यावर घेतलेली परदेशी अक्षरं दिसली, तर डेटा बहुधा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, डॉसमध्ये मराठी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डवर भरलेला आहे. ते कार्ड म्हणजे मशीनमध्ये बसवलेला वेगळा भाग होता, एम्युलेटरमध्ये तो नाही. मजकूर मात्र शाबूत असतो, इस्की या सांकेतिक मांडणीत, आणि तो युनिकोडमध्ये बदलता येतो. 'नाव चुकलंय' म्हणून तिथे टाइप करायला गेलात तर मूळ अक्षरं कायमची गेली.

फ्लॉपी

इकडच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. धातूचं झाकण सरकवून उजेडात बघा, पांढुरके डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड बरबटतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाते. यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंचीच वाचतात, सव्वापाच इंचीसाठी जुनंच मशीन शोधावं लागेल. बॅकअप फ्लॉपी आणि मशीन एकाच कपाटात ठेवलं तर काय होतं, हे २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना सांगायला नको.

आणि फक्त जुनी बाकी बघायची असेल तर एवढा खटाटोप करण्याआधी डीबीएफची कॉपी लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून बघा. रकाने सरळ दिसतात. खतावणीची बेरीज तिथेच मारता येते.