एन्डोमेट्रिओसिसवरचे संशोधन कसे वाचावे आणि डॉक्टरांसमोर कसे मांडावे

माझ्या धाकट्या बहिणीच्या दुखण्याला ‘एन्डोमेट्रिओसिस’ हे नाव मिळायला आठ वर्षे लागली. नाव कळले त्या रात्री आम्ही दोघी आपापल्या मोबाइलवर शोधत बसलो आणि पहाटेपर्यंत आम्हाला या आजाराची चार वेगवेगळी कारणे, दोन खात्रीचे म्हणवणारे आहार आणि जपानमधला एक शोध सापडला. त्यातले काय धरावे आणि काय सोडावे, हे मात्र उमगेना. पुढे तिच्यासोबत ओपीडीच्या रांगांत बसताना आणि मूळ शोधनिबंध चिकाटीने वाचताना जी पद्धत हाती लागली, ती इथे लिहिते आहे. उपचार ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे, पण समोर बसलेल्या मुलीला नेमके काय विचारायचे हे ठाऊक असेल, तर मिळालेल्या दहा मिनिटांचे चीज होते.

संशोधनाकडे वळण्याआधी स्वतःची नोंद हवी. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असते आणि त्यावर आई दुधाचा हिशेब मांडते. बहिणीने त्याच चौकोनांत लाल पेनाने खुणा करायला सुरुवात केली. पाळी आली त्या दिवशी गोल, वेदनेला शून्य ते दहा असा आकडा, जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या उभ्या रेघा, शौचाच्या वेळी दुखले तर ‘शौ’ आणि ऑफिसला जाता आले नाही तर फुली. तीन महिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसले की दुखणे पाळीच्या दोन दिवस आधीच सुरू होते आणि ‘शौ’ हे अक्षर दर महिन्याला त्याच दिवसांत येते. अशी ठरावीक दिवसांतली वेदना ही गर्भाशयाच्या मागे किंवा आतड्याजवळ खोलवर रुजलेल्या आजाराची खूण असू शकते. ‘पाळीत खूप दुखते’ या वाक्यातून डॉक्टरांना हे कळण्याची सोय नव्हती. कोणतेही संशोधन वाचताना ते आपल्याला लागू पडते का, हे याच पानांवरून ठरवायचे असते.

आता कारणांविषयी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर किंवा आतड्यावर वाढते, त्यातून दाह होतो, व्रण धरतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जवळपास 19 कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. ते ऊतक तिथे पोहोचते कसे आणि रुजते का, या प्रश्नापाशी मतभेद सुरू होतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी 1927 साली मांडले की पाळीचे काही रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. हा विचार आजही सर्वांत जास्त मानला जातो. परंतु असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांमध्ये होतो आणि आजार मात्र दहातल्या एकीलाच होतो, तेव्हा केवळ एवढ्याने कोडे सुटत नाही. म्हणून कारणाविषयीचा कोणताही लेख वाचताना पहिला प्रश्न हाच ठेवावा की, उरलेल्या नऊजणींना हा आजार का झाला नाही, याचे उत्तर यात आहे का?

या प्रश्नाने चाळले की बरेचसे दावे गळून पडतात आणि जे उरते ते खरोखर लक्ष देण्यासारखे असते. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून या आजाराच्या धोक्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसले आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आजार असलेल्या 60,000 हून अधिक स्त्रियांची माहिती तपासून जनुकसंचातल्या 42 जागा या आजाराशी जोडलेल्या आढळल्या आणि त्यातल्या काहींचा संबंध अर्धशिशी व पाठदुखीसारख्या दीर्घ वेदनांशीही दिसला. याचा अर्थ रक्त तपासून निदान करता येईल असा मुळीच नाही, कारण यातल्या प्रत्येक जागेचा वाटा अगदी लहान आहे. आई, मावशी किंवा बहिणीला हा आजार असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, एवढा उपयोग मात्र त्यातून आजच होतो.

जपानी शोधाचे उदाहरण थोडे विस्ताराने घेते, कारण वाचनाची पद्धत त्यावरून चांगली कळते. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना 2023 साली आजार असलेल्या 64 टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू आढळला, तर आजार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांहूनही कमी होते. प्रतिजैविक दिल्यावर गर्भाशयाबाहेर रुजलेले ऊतक कमी झाल्याचे त्यांनी दाखवले. बातमीत एवढेच येते. निबंध उघडला की कळते, प्रतिजैविकाचा तो परिणाम उंदरांमध्ये दिसला होता. माणसांमधले आकडे जिवाणू आणि आजार एकत्र आढळतात एवढेच सांगतात. जिवाणूमुळे आजार झाला की आजारामुळे जिवाणूला जागा मिळाली, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. म्हणून प्रत्येक निबंधात तीन गोष्टी शोधाव्यात: प्रयोग कोणावर केला, आधी काय आणि नंतर काय हे तपासले का, आणि शेवटी मोजले ते काय. आपल्याकडे नाक्यावरच्या केमिस्टकडे प्रतिजैविके सहज मिळून जातात, त्यामुळे कळकळीने सांगते की अशी बातमी वाचून स्वतःहून गोळ्यांचा कोर्स सुरू करू नये.

उपचारांच्या बाबतीत ‘मोजले काय’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा ठरतो. डायनोजेस्ट हे हार्मोनचे औषध, गर्भनिरोधक गोळ्या किंवा लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधने आजार दाबून ठेवतात आणि वेदना कमी करतात, पण तो मुळापासून काढत नाहीत. रेलुगोलिक्ससारखी नवी औषधे इस्ट्रोजेन खाली आणतात आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांच्यासोबत थोड्या प्रमाणात हार्मोन द्यावे लागतात. या चाचण्यांत बहुधा वेदना मोजलेली असते. मूल हवे असेल तर तो वेगळा विषय आहे, कारण अंडाशयाचे काम थांबवणाऱ्या या औषधांनी नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढताना तिच्यासोबत निरोगी बीजांडेही कमी होऊ शकतात, म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एएमएच या, उरलेल्या बीजांडांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीविषयी आणि ऑपरेशननंतर हार्मोनची औषधे चालू ठेवायची का, याविषयी विचारून घ्यावे. आजार पुन्हा उद्भवू शकतो, हे कोणी मोकळेपणाने सांगितले तर घाबरू नये. असे सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा जास्त विश्वास बसतो.

निदानाच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या जिवाला लागली आहे. बहीण अविवाहित, त्यामुळे तिची सोनोग्राफी कायम पोटावरूनच झाली आणि दर वेळी रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. खोलवरचा आजार योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत, तीही या आजाराचा सराव असलेल्या व्यक्तीने केली, तर अधिक चांगला दिसतो. ती शक्य नसेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय असतात आणि ते स्पष्ट शब्दांत विचारावेत. युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांनी 2022 साली सांगितले की निदानासाठी प्रत्येकीला आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही, लक्षणे आणि तपासण्या पाहून उपचार सुरू करता येतात. सीए-125 या रक्ततपासणीवरून निदान करू नये आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आले म्हणून आजार नाही असे धरू नये, हेही त्यांत आहे. केवळ आजार बरा व्हावा म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असेही तीच तत्त्वे सांगतात. बहिणीला एका डॉक्टरांनी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘लग्न करा, मूल होऊ द्या, आपोआप थांबेल’ असे सांगितले होते. त्या सल्ल्यात आमची चार वर्षे गेली.

मुंबईत राहणाऱ्यांना संशोधन दुरूनच वाचावे लागते असे नाही. परळला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे आणि भारतीय स्त्रियांमधल्या एन्डोमेट्रिओसिसवर तिथे काम चालते. जनुकीय अभ्यासांत आजवर युरोपीय वंशाच्या स्त्रियाच बहुसंख्येने असल्याने हे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. कुठल्याही अभ्यासात सहभागी होण्याचे विचारले गेले, तर घाईने सही करू नये. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे का, हे पाहावे, कारण जून 2009 पासून अशी नोंद बंधनकारक आहे. संमतिपत्र मराठीत मागून घ्यावे, ते घरी नेऊन वाचावे, आणि मध्येच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील ना, हे विचारावे. चाचणीच्या औषधाचे पैसे कोणी मागितले, तर तिथून उठावे.

डॉक्टरांकडे जाताना प्रिंट काढलेल्या लेखांचा गठ्ठा नेऊ नये. नोंदीची तीन पाने, घरातल्या आजाराची माहिती आणि एका कागदावर तीनच प्रश्न, एवढे पुरते. बहिणीने शेवटी नेलेल्या कागदावर पहिला प्रश्न ‘एमआरआय करता येईल का?’ हा होता. डॉक्टरांनी तिच्या पानांवरची सगळी ‘शौ’ ही अक्षरे पेनाने गोल केली आणि तपासणी लिहून दिली. तो एमआरआयचा रिपोर्ट, त्याची सीडी, पुढे झालेल्या ऑपरेशनच्या नोंदी आणि काढलेल्या ऊतकाचा पॅथॉलॉजीचा अहवाल आता एका प्लॅस्टिकच्या फाइलीत एकत्र आहेत, आणि तिच्या मुखपृष्ठावर मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचे ते पान चिकटवलेले आहे.