गॅरेजमध्ये लाइट लावताना या चुका टाळा

गॅरेजच्या लाइटचं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, गाडी आत लावून पाहिली का? नसतेच पाहिलेली. रिकाम्या गॅरेजमध्ये छताच्या मधोमध एक मोठा बल्ब लावला की सगळं झकास दिसतं, मग गाडी आत येते अन सगळा उजेड तिच्या टपावर, खाली दारांजवळ अंधार, बॉनेट उघडलं तर इंजिनवर बॉनेटचीच सावली. मग बसा मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून ऑइल पाहत. त्यापेक्षा चार फुटी २० वॉटच्या दोन बॅटन, म्हणजे एलईडीच्या सरळ पट्ट्या, घ्या, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. मी तर गाडी लावून, बॉनेट अन दारं उघडून मगच खडूने खुणा करतो. इलेक्ट्रिशियन घाई करतो, करू द्या.

आता सेन्सरवाले. आमचे साडभाऊ नागपुरात बेसाला राहतात, टिनाचं शेड टाकून गॅरेज केलं, डिसेंबरात सेन्सरचा बल्ब लावला, पाय टाकला की लाइट, येईल त्या पाहुण्याला दाखवून झालं. मे महिन्यात फोन, "भाऊ, लाइट लागूनच नाही राहिला." जाऊन पाहतो तर हे स्कूटरसमोर उभे राहून दोन्ही हात हलवून राहिले, अन वरून वहिनी विचारते, "कोणाले बोलावून राहिले जी?" दुकानदाराशी भांडून बदलून आणला, तोही तसाच. बल्बात काहीच खराबी नव्हती. हे स्वस्त सेन्सर पीआयआर असतात, तुमचं अंग अन मागची भिंत यांच्या गरमीतला फरक पकडतात, अन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दिवसभर तापलेलं शेड रात्रीही अंगाएवढंच गरम, मग त्याला दिसणार काय? सेन्सर पाहिजेच तर मायक्रोवेव्हवाला घ्या, त्याला गरमीशी घेणंदेणं नाही, फक्त प्लायच्या पार्टिशनपलीकडून कोणी गेलं तरी लागतो. मी मात्र साधे टू-वे स्विचच लावतो, एक शटरजवळ अन एक घरात जायच्या दाराशी, लाइट एकच, दोन्हीकडून चालू-बंद होतो. रील पाहून "स्मार्ट" वस्तू मागवणाऱ्यांना हे पटत नाही.

बॅटन टिनाला चिकटवू नका, भिंतीवर फूट-दीड फूट खाली घ्या. गरमीने आधी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज देणारं आतलं सर्किट, जातो, अन लोक म्हणतात एलईडीच बोगस.

वॉट पाहून घेऊ नका, खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेड किती पडतो तो आकडा, वाचा, २० वॉटच्या बऱ्या बॅटनला २००० च्या आसपास पाहिजेत.

आत गाडी धुता? मग पाणी आत न जाणारी आयपी६५ची फिटिंग, उघडा होल्डर नको.

एकदम पांढरा ६५०० केल्विन सगळेच घेतात, मला जरा पिवळसर ४००० बरा वाटतो, डोळ्यांना खुपत नाही अन पावसाळ्यात किडेही थोडे कमी येतात. वायरिंगचं काम करत असाल तर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या खाली जाऊ नका, नाहीतर तपकिरी अन लाल वायर सारखीच दिसते.

अन एक्स्टेन्शन बोर्डवर कायमचा लाइट चालवणाऱ्यांनो, एक पॉइंट काढून घ्या ना भाऊ, फिटिंग लोखंडी असेल तर अर्थिंगसकट.